बिल्ल्यांचं मशीन, ३८ मिलिमीटर: दीड वर्षाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग पुराण. मशीन घ्या. त्याच्यासोबत गळ्यात मारतात तो कागद गोल कापायचा कटर घेऊ नका. आणि बिल्ल्याच्या मागच्या सुईवाल्या चकत्या एकदम हजार मागवण्याआधी पन्नास मागवून बघा. घाईत असलेल्यांनी इथून गेलं तरी चालेल.

मी इंग्लंडात कोव्हेंट्रीत राहतो. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात त्या खात्यात, एकतीस वर्षं काढली, पहिली चार पिंपरीत शिकाऊ म्हणून आणि बाकीची इकडे. पंच (वरून दाबणारा ठोकळा) आणि डाय (खालचा साचा) यांवर चालणारी कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची, ही खोड तेव्हापासूनची. आमचा इथे एक युद्धविरोधी गट आहे, वीस-बावीस जणांचा. इथल्या आपल्या सरकारने दुसऱ्यांच्या देशावर बॉम्ब टाकायला जाऊ नये आणि जे टाकतात त्यांना ते विकू नयेत, एवढंच म्हणणं. महिन्यातून एकदा मंगळवारी क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या सभागृहात बैठक आणि शनिवारी ब्रॉडगेटमध्ये लेडी गोडायव्हाच्या पुतळ्यापाशी टेबल. टेबलावर सह्यांचे कागद, पत्रकं आणि बिल्ले. पत्रकासाठी कोणी थांबत नाही. उलट लांबून पत्रक दिसलं की लोकांना अचानक फोन येतो. बिल्ल्यांच्या ताटापाशी मात्र पोरं थांबतात, आणि त्यांच्यापायी आयांना थांबावंच लागतं.

पूर्वी आम्ही बिल्ले बाहेरून करून घ्यायचो. कमीत कमी पाचशेची ऑर्डर, दहा ते बारा दिवस. २०१३च्या ऑगस्टमध्ये त्याची मजा झाली. २१ तारखेला सीरियात दमास्कसजवळ रासायनिक हल्ला झाला, २७ला पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसद सुट्टीतून परत बोलावली आणि २९ला रात्री मतदान. आम्ही २४ तारखेलाच शहाणपणा करून ऑर्डर दिली होती. मतदानात सरकार हरलं, २८५ विरुद्ध २७२. तेरा मतांनी का होईना, ब्रिटनचा हल्ला टळला. आमचे पाचशे बिल्ले आले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ‘सीरियावर हल्ला नको’ असं लाल अक्षरात छापलेले. आनंदाने नाचावं की डोक्याला हात लावावा कळेना. त्यानंतर आम्ही साठ पौंडांचं एक प्लास्टिकच्या अंगाचं मशीन घेतलं. डिसेंबर २०१५मध्ये सीरियाचा प्रश्न पुन्हा संसदेत आला तेव्हा बिल्ले रातोरात तयार होते, सगळ्यांच्या कोटांवर होते, आणि ठराव ३९७ विरुद्ध २२३ असा सरकारच्या बाजूने झाला. तेव्हा बिल्ले वेळेवर असणं आणि मतदान जिंकणं यांचा संबंध आहे असं मी इथे मुळीच लिहिणार नाही.

ते प्लास्टिकचं मशीन दांड्याच्या मुळाशी तडकलं. मी ते दोनदा जोडलं. तिसऱ्यांदा जोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून गटाने वर्गणी काढून हे आत्ताचं घेतलं, एकशे पासष्ट पौंडांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच साच्यातून निघालेली ही मशीनं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. ओतीव लोखंडाची बैठक, उभा दांडा आणि खाली डावी-उजवीकडे फिरणारी पट्टी, तिच्यावर दोन साचे, हे दिसलं की समजा तेच.

चालतं असं. पहिल्या साच्यात पत्र्याची उथळ वाटी पालथी ठेवायची, तिच्यावर छापलेला कागद, त्यावर मायलरची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, पारदर्शक चकती. दांडा खाली. वरचा पंच या तिन्ही वस्तू उचलून पोटात घेतो. पट्टी फिरवायची. दुसऱ्या साच्यात सुईची मागची चकती ठेवलेली असते. पुन्हा दांडा खाली. आता कागदाची आणि मायलरची कड आतल्या बाजूला वळते, मागची चकती तिच्यावर चावून बसते, आणि ‘कट्’ असा एक बारीक आवाज येतो. तो आवाज आला नाही तर बिल्ला तयार झालेला नाही, कितीही छान दिसत असला तरी. शनिवारी दुपारपर्यंत कोणाच्या तरी कोटावर तो उकलणार.

नवशिके चुकतात ते पहिल्या आणि दुसऱ्या दाबाच्या मधे. पहिल्या दाबानंतर साचा रिकामा दिसतो. माणसाला वाटतं आपण काही ठेवलंच नव्हतं. मग तो पुन्हा वाटी, पुन्हा कागद, पुन्हा मायलर, आणि दांड्यावर सगळं वजन. दोन वाट्या एकात एक जाऊन पंचात अशा बसतात की विचारू नका. आमच्यातल्या एका निवृत्त सुईणबाईंनी पहिल्याच मंगळवारी हे केलं. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, पण ही सोडवणूक मला करावी लागली, स्क्राइबर आणि पातळ पक्कड घेऊन, वीस मिनिटं. आता मशीनवर मी पिवळ्या टेपने ‘फिरवलं का?’ असं इंग्रजीत लिहून चिकटवलंय. तरी महिन्यातून एकदा होतंच.

दुसरा त्रास मायलरचा. हिवाळ्यात हीटर चालू असला की चकत्या एकमेकींना चिकटतात आणि दोन एकदम जातात. दांडा नेहमीपेक्षा अर्धा इंच वर अडला तर जोर लावू नका, वर घ्या. चकत्यांची चळत वापरण्याआधी पत्त्यांसारखी पिसून घेतली की बरंच भागतं. कागद ऐंशी ते शंभर ग्रॅमचा, त्याहून जाड नको. चकचकीत फोटोचा कागद तर मुळीच नको. आमच्या एका कवीला आपला बिल्ला उठून दिसायला हवा होता, त्यापायी पंधरा वाट्या भंगारात गेल्या.

आता टूलरूमवाल्याचा हिशेब. आणलं तेव्हा पट्टीच्या खिळीत ढिलाई होती ०.१५ मिलिमीटर, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजलेली. साधारण सहा हजार बिल्ल्यांनंतर ती ०.३ झाली आणि कड एका बाजूने कमी वळायला लागली. बिल्ल्यावर नख फिरवलं की कळतं, एका ठिकाणी अडकतं. मी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून वॉशरसारखा खाली घातला. तो साधारण ०.१ असतो, आणि काम झालं. विकणाऱ्याने मात्र दोन ईमेलनंतरही ‘नवीन मशीनवर सवलत देऊ’ एवढंच कळवलं. सहा हजारांत खीळ घासणं हे ओतीव लोखंडाच्या मशीनला शोभत नाही. त्यांनी तिथे पितळी बुश, म्हणजे खिळीभोवतीची नळी, द्यायला हवा होता. पौंडभर खर्च वाढला असता.

बिल्ला किती टिकावा याचं माझं माप घरातच आहे. १५ फेब्रुवारी २००३ला आम्ही कोव्हेंट्रीहून बसने लंडनला गेलो होतो, इराक युद्धाच्या विरोधात. थंडी अशी की बोटं वळेनात. त्या मोर्च्याला हाइड पार्क द्यायलाही सरकारचा नन्नाचा पाढा होता. कारण काय, तर गवत खराब होईल! मग सरकारने माघार घेतली. पोलिसांनी आकडा साडेसात लाख सांगितला, आयोजकांनी वीस लाखांपर्यंत. मी थेम्स नदीकाठच्या एम्बँकमेंट रस्त्याकडून निघालेल्या रांगेत होतो. तीन तासांत किती हललो हे मला विचाराल तर दोन्ही आकडे खरे वाटतात. तिथे एका बाईने झोळीतून बिल्ला काढून माझ्या कोटाला लावला आणि पैसे न घेता पुढे गेली. तो बिल्ला अजून आहे. कड सगळीकडून सारखी, सुई सरळ, मागे गंजाचा एक ठिपका. कोणीतरी चांगल्या डायवर केलाय. १८ मार्चला संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला होकार दिला. बिल्ला त्याआधीचा, पण त्याचं काही उकललेलं नाही. आमच्या मशीनचे बिल्ले त्याच्या शेजारी ठेवले तर दीड वर्षातच सुईच्या मुळाशी लाल दिसतात. दोष मशीनचा नाही, मागच्या चकत्यांचा. स्वस्तातल्या चकत्यांवर कथलाचा मुलामा नावापुरता असतो, आणि इंग्लंडात शनिवारी पाऊस पडतोच. म्हणून म्हटलं, आधी पन्नास आणा, एक ओल्या फडक्यात आठवडाभर गुंडाळून ठेवा, मग ऑर्डर द्या.

गंजावरून आठवलं. अण्वस्त्रविरोधी चळवळीचं ते गोलातलं चिन्ह, आता टी-शर्टांवर सगळीकडे असतं ते, १९५८मध्ये जेराल्ड होल्टम यांनी काढलं, लंडन ते ऑल्डरमास्टन या ५२ मैलांच्या ईस्टर पदयात्रेसाठी. झेंड्यांच्या खुणांच्या भाषेतली ‘एन’ आणि ‘डी’ ही अक्षरं एकावर एक ठेवलेली. त्याचे पहिले बिल्ले पत्र्याचे नव्हतेच. केन्सिंग्टनच्या एरिक ऑस्टिन यांनी ते पांढऱ्या मातीचे केले, काळ्या रंगात चिन्ह काढून भाजले, आणि सोबत चिठ्ठी दिली की अणुयुद्ध झालंच तर त्या वणव्यातून माणसाने केलेल्या ज्या थोड्या वस्तू वाचतील त्यांत हा बिल्ला असेल. हे वाचल्यावर मी आमच्या बैठकीत आमच्या बिल्ल्याची हमी काय द्यावी असा प्रश्न ठेवला. ठरलं, ‘दोन पावसाळे’. व्यवहारातली गोष्ट अशी की त्या चिन्हावर मालकी हक्क मुद्दामच घेतलेला नाही. आमचं निम्मं छापकाम त्यामुळे फुकटात होतं.

आता मशीनचा नाही, माझा दोष. ३८ मिलिमीटरच्या बिल्ल्याला या मशीनवर ४८ मिलिमीटरचा कागद लागतो. म्हणजे चहूबाजूंनी पाच मिलिमीटर कडेखाली जाणार. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना हे सोपं आहे, सगळी एका उंचीची, रांगेत बसलेली. मी म्हटलं, एक मराठी बिल्ला करू. वरच्या ओळीत ‘नको’, खालच्या ओळीत ‘युद्ध’, ठसठशीत. मुलगी म्हणाली, “बाबा, थोडं लहान करा.” मी म्हणालो, लांबून दिसायला पाहिजे. पडद्यावर झकास दिसत होतं. साठ बिल्ले दाबून झाल्यावर चष्मा लावून बघितलं. वरच्या ओळीतल्या ‘को’ची मात्रा कडेत गेलेली, खालच्या ओळीतल्या ‘यु’चा उकार कडेत गेलेला. राहिलं काय, तर ‘नका यद्ध’. साठ वेळा.

कोव्हेंट्रीत हे वाचणार कोण, अशा हिशेबाने मी ते तसेच टेबलावर मांडले. दोन शनिवार खपलेही, लोकांना ‘नक्षी’ आवडली. तिसऱ्या शनिवारी एक वयस्कर गृहस्थ आले, ताठ चालीचे, डोक्यावर टोपी, गळ्यात रेजिमेंटचा टाय. बिल्ला उचलला, हातभर लांब धरला आणि हिंदीत विचारलं, “याचा उकार कुठे गेला?” नेपाळी होते, गुरखा पलटणीतले. त्यांची लिपी तीच आणि शब्दही तोच. मी मशीनची कड, पाच मिलिमीटर, सगळं समजावलं. ते ऐकत होते की मला तपासत होते, सांगता येत नाही. मग म्हणाले, फॉकलंडला गेलो होतो, ८२ साली. एवढंच. त्यापुढे मीही विचारलं नाही. बिल्ला छातीला न लावता त्यांनी तो पाकिटात नाण्यांच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाले, दुरुस्त केला की सांगा. पुढच्या शनिवारी मी अक्षरं ३२ मिलिमीटरच्या वर्तुळात बसवून दहा नवे नेले. ते आले, एकेक बिल्ला उन्हात धरून बघितला, सुई उघडून बंद करून बघितली, आणि दोन घेतले. जुना परत दिला नाही.

तर नियम लिहून ठेवा: देवनागरीला ३८च्या बिल्ल्यात ३२च्या बाहेर काही नको. रोमन ३५पर्यंत चालतं. २५ मिलिमीटरच्या छोट्या साच्याच्या फंदात मराठीवाल्यांनी पडूच नये.

या मशीनला चुंबकाच्या मागच्या चकत्याही बसतात असं खोक्यावर लिहिलंय. बसतात, पण जाडी वेगळी असल्यामुळे दांड्याखालचा स्क्रू दीड आटा सोडावा लागतो, हे कुठेही लिहिलेलं नाही. मला ते शोधावं लागलं एका बाईंमुळे. त्या दर शनिवारी टेबलावरून जायच्या, थांबायच्या नाहीत. एकदा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, सुईचा नको, फ्रिजला लागेल असा आहे का? मुलगा सैन्यात आहे. कोटावर लावून कामावर जाता येत नाही, आणि त्याच्या मित्रांनी पाहिलं तर त्याला ऐकून घ्यावं लागेल. पण स्वयंपाकघर माझं आहे, म्हणाल्या. मी पुढच्या आठवड्याला चार चुंबकवाले करून ठेवले. आता दर खेपेला बारा-पंधरा ठेवतो, आणि ते सुईवाल्यांच्या आधी संपतात. चुंबकाची चकती सुईच्या चौपट महाग पडते, तरी. फक्त हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी ते खिशात ठेवू नयेत, ही सुईणबाईंची सूचना टेबलावर लिहिलेली असते.

गटात एक जुना टूलरूममधला सोबती आहे, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला हे मशीन अजिबात आवडत नाही. तो म्हणतो, विरोध म्हणजे हात आखडणं. १९२०च्या मेमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी ‘जॉली जॉर्ज’ नावाच्या जहाजावर पोलंडला जाणारी शस्त्रं चढवायला नकार दिला, कारण ती रशियाविरुद्ध वापरली जाणार होती. १९७४मध्ये स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या कारखान्यात चिलीत लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या राजवटीच्या हवाई दलाच्या विमानांची इंजिनं दुरुस्तीला आली, तर तपासनिसाने आणि कामगारांनी हात लावला नाही, ती वर्षानुवर्षं उघड्यावर गंजत पडली. जानेवारी २००३मध्ये स्कॉटलंडमधल्याच मदरवेलच्या दोन रेल्वे चालकांनी दारूगोळ्याची गाडी न्यायचं नाकारलं. “आणि तू पत्रा वळवतोस,” असं तो मला म्हणतो.

त्याला मी उत्तर देत नाही, कारण त्याला माहीत आहे आणि मलाही. टूलरूममध्ये एकदा एक जिग, म्हणजे काम करताना भाग पक्का धरून ठेवायचं साधन, करायला आलं होतं. ड्रॉइंगवर वस्तूचं नाव नव्हतं, नुसता आकडा. कशासाठी आहे ते त्यातल्या मापांवरून ज्याला कळायचं त्याला कळत होतं. घराचे हप्ते चालू होते. मी ते करून दिलं, आणि फार चांगलं करून दिलं. तोही तेव्हा शेजारच्या बेंचवर होता, त्याने त्याचे बोल्ट घातले. आता दर मंगळवारी तो कागद कापायला बसतो, मी दांड्यावर.

कागद तो हाताने कापतो, कैचीने, पेन्सिलच्या रेघेवर. कारण तो कटर. प्लास्टिकचा, फिरवायचा, पंचवीस पौंडांचा, आणि वर्तुळ सुरू जिथे होतं तिथे संपतच नाही, अर्ध्या मिलिमीटरने चुकतं. तेवढ्याने कडेवर पांढरी रेघ दिसते. तो परत पाठवायला गेलो तर टपालखर्च माझ्या माथी. हाताने कापलेले त्याचे कागद व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावून बघितले आहेत, पाव मिलिमीटरच्या आत असतात.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: एका सुईवाल्या बिल्ल्याला सगळं मिळून साधारण सहा पेन्स पडतात. आम्ही किंमत लावत नाही, शेजारी डबा ठेवतो. वर्गणीचे एकशे पासष्ट पौंड अकरा महिन्यांत डब्यातून परत निघाले. सराव असलेली दोन माणसं तासाला दीडशेपर्यंत करतात. एकटा माणूस सत्तर. आवाज फार नाही, पण बैठक चालू असताना दांडा मारू नये. अध्यक्षांना प्रत्येक ‘कट्’ला आपलं वाक्य तोडल्यासारखं वाटतं.

पाचांपैकी चार. खिळीचा अर्धा कापला आणि विकणाऱ्याच्या उत्तराचा अर्धा. कटरचे गुण मशीनमध्ये धरलेले नाहीत.

जाता जाता: पट्टी दोन्ही टोकांना जिथे अडते तिथे आत एक छर्रा आणि त्यामागे बारीक स्प्रिंग आहे. ती पहिल्यांदा मरते, आणि मेली की साचा नेमका पंचाखाली थांबत नाही. सुटी मिळत नाही. दाबायच्या बॉलपेनमधली बसते, दोन वेढे कापून.